आकार : शून्य

पुनो वेळीप आधी स्वतःच्या चपला काढतो,
मग माझ्या चपलांकडे बघत राहतो.
काढतो मीही.
एप्रिलचा कातळ. तळवे भाजतात.

काही दिसत नाही.
पाण्यानं घोटून काळा पडलेला जांभा,
भेगांतून वाळकं शेवाळ,
पुरानं आणून टाकलेली एक तुटकी दोरी.
खाली कुशावती, जेमतेम घोटाभर,
दगडादगडाला विचारत चाललेली.

"उदक घालचें पडटा," पुनो म्हणतो
आणि कळशी भरून आणतो.

धार पडते.
पाणी क्षणभर कुठंच जात नाही,
मग बोटभर खोबण सापडते त्याला
आणि ते वळतं.
सरळ नदीकडे जायला उतार होता समोर,
तरी वळतं;
कधीकाळी कुणी दगडाने दगडात आखलेल्या रेषेच्या
शब्दाला जागतं.
एक वळसा. आतून दुसरा. परत फिरून तिसरा.
सात मोजले मी.

मोजणं हा माझा धंदा होता.
एकतीस वर्षं भूमापन खात्यात :
साखळी, खुंट्या, छत्रीखालचं ते तिपाई यंत्र.
हा डोंगर मी मोजलाय, पुनो.
वरच्या खाणीच्या पट्ट्याची हद्द माझ्या हातची,
लाल शाईत,
आणि काठावरच्या या तुकड्यापुढे, रकान्यात,
माझ्याच वळणदार अक्षरात
पोटखराब.
पीक : नाही.
आकार : शून्य.

(हे मी त्याला बोललो नाही.
तो बैल दाखवत होता.)

बैलाला वशिंड एवढं, की मानेला जागा उरली नाही.
"गुराख्यांनी काढलंय म्हणायचे आमचे म्हातारे.
कुठल्या गुराख्यांनी, ते कुणी सांगितलं नाही.
असला बैल आमच्याकडे असता
तर आम्ही विकला नसता."

लहानपणी ते इथं गजगे खेळत.
करंगळीने गजगा ढकलायचा, खोबणीतून,
बोट उचललं की बाद.
पुनोची बहीण मध्यापर्यंत पोचायची,
बाकी कुणी नाही.
ती आता कुडचड्याला असते, गुडघे धरलेत तिचे.

मग नदीकडे पाठ करून तो सांगतो :
"खाणीत अकरा वर्षं टिपर चालवला मी.
तिथंही हेच. वाटोळे टप्पे,
वरचा मोठा, आतला लहान, त्याच्या आत आणखी लहान.
फिरत फिरत उतरायचं, भरायचं,
फिरत फिरत वर.
रात्रपाळीला तळाशी दिवा दिसायचा
आरतीच्या ताटातल्यासारखा."

आता काय आहे तळाला?

"पाणी. हिरवं. खोल किती, कुणी बघितलं नाही.
एक म्हैस गेली होती आमच्या शेजाऱ्याची."

इथं, सातव्या वळशाच्या पोटात,
खळगा आहे रुपयाएवढा.
पाणी तिथं पोचून थांबलंय
आणि त्यात आभाळ, आणि पुनोची अर्धी मिशी.
एक डोंगळा काठावर येतो,
वाकतो, पितो, निघून जातो,
येताना सगळे वळसे आडवे ओलांडून आलेला,
जाताना तसाच.

ऊन चढतं.
बाहेरची रेषा आधी वाळते,
मग तिच्या आतली.
मोबाइलमधला फोटो मोठा करून बघतो,
नुसता दगड, आणि माझी सावली, टोपीसकट.

"तुम्ही सरकारात होता म्हणे,"
पुनो कळशी उपडी करून तिच्यावर बसतो,
"कागदावर काय नाव आहे याचं?"

नावाचा रकाना वेगळा असतो,
एवढंच तोंडात येतं.

तो हसत नाही. वाट बघतो.
नदीपलीकडे एक भारद्वाज हुंकारतो, थांबतो.
वाळत वाळत
रेषा शेवटच्या वळशापर्यंत आली आहे.

ऊठ, कळशी दे इकडे, म्हणालो.

अनवाणी गेलो.
नदी एकोणीस पावलं.
सवय जात नाही.